वाचकांचे प्रश्न: सांगून सुटणारी पकड

प्रश्न: माझी गाडी दोन दरवाजांची, मागच्या चाकांना ताकद मिळणारी स्पोर्ट्स कार आहे. टायर 225/45 आर17. रोज फोंडा ते पणजी आणि रविवारी सकाळी चोर्ला घाट. सध्याचे टायर कोरड्या रस्त्यावर छान धरतात, पण ओल्या वळणावर मागची बाजू एकदम सुटते, आधी काहीच कळत नाही. पकड चांगली आणि स्वभाव भरवशाचा, असे टायर कोणते? — वाचक, फोंडा

उत्तर: नवीन टायरवर पैसे घालण्याआधी आहेत ते तपासा, कारण ‘एकदम सुटते’ याला बऱ्याचदा टायरचा ब्रँड कारण नसतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या टायरच्या खाचा खोल दिसल्या तरी रबर कडक झालेलं असतं. असं रबर तापलेल्या कोरड्या डांबरावर कसंबसं धरतं आणि ओल्यात दगा देतं. नंतर खाचांची खोली मोजा, बाहेरच्या कडेला, मधे आणि आतल्या कडेला वेगवेगळी. आतली कडच जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलं आहे. करून घेताना मागच्या चाकांचे आकडे असलेली छापील प्रत मागून घ्या. मागचा टो (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) चुकला असेल तर कितीही महागडा टायर घाला, मागची बाजू अस्वस्थच राहणार.

आता निवड. गोव्यात हवा वर्षभर उबदार, त्यामुळे थंडीसाठी बनवलेल्या रबराचा विचारही करू नका. उन्हाळी स्पोर्ट्स टायरच घ्यायचा. त्यातही दोन जाती आहेत. पहिली, ट्रेडवेअर (झीज किती सावकाश होते ते सांगणारा साइडवॉलवरचा आकडा) 200 किंवा त्याखालचे, रेस ट्रॅककडे झुकलेले टायर: ब्रिजस्टोनचा पोटेन्झा आरई-71आरएस, योकोहामाचा अ‍ॅडव्हान निओव्हा. कोरड्यात यांची पकड जबरदस्त, पण खाचांची जागा कमी आणि झीज भराभर. अर्धे झिजले की जून ते सप्टेंबर ते रोजच्या गाडीला नकोतच. दुसरी जात रस्त्यासाठीच्या स्पोर्ट्स टायरची: मिशेलिन पायलट स्पोर्ट, गुडइयर ईगल एफ1 असिमेट्रिक, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट. यांच्या रबरात सिलिका भरपूर असते, म्हणून ओल्यात धरतात. तुम्ही याच जातीतून घ्या. यातला पोटेन्झा स्पोर्ट वळायला तल्लख पण कडक. पायलट स्पोर्ट जरा मऊ, सुटण्याआधी स्टीअरिंगमधून आणि सीटमधून सांगतो. तुमची तक्रार पाहता आमचा कौल पायलट स्पोर्टला.

ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच चाचणी करून देते, म्हणून तो एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये ताडून पाहावा, दोन कंपन्यांमध्ये नाही. शेजारचं ‘ट्रॅक्शन एए’ सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगपुरतं असतं. वळणावर टायर कसा वागेल ते त्यातून कळत नाही. टायरला युरोपीय लेबल असेल तर ढग आणि पावसाचं चिन्ह बघा. ए ते ई श्रेणीत ए किंवा बी असेल तरच घ्या.

तुमच्या मापाला 91 किंवा 94 हा भारांक येतो, म्हणजे एका टायरवर 615 किंवा 670 किलो. गाडीच्या कंपनीच्या पुस्तकातल्यापेक्षा कमी भारांक घेऊ नका. कमाल वेगाचं अक्षर डब्ल्यू (ताशी 270 किमी) किंवा वाय (ताशी 300 किमी). आयएसआयची खूण आणि अलीकडची तारीख दुकानातच पाहा, टायर रिमवर चढण्याआधी.

हवा चालकाच्या दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे, आणि सकाळी गाडी थंड असतानाच भरा. फोंड्याहून पणजीला पोहोचेपर्यंत टायर तापून हवा चार-सहा पीएसआय वाढते. ती ‘जास्त झाली’ म्हणून काढून टाकली की दुसऱ्या दिवशी कमी हवेवर गाडी चालते. घाटासाठी नेमकं जमवायचं असेल तर टायरच्या खांद्यावर खडूने आडवी रेघ ओढा आणि केरीहून वर जाऊन परत या. साइडवॉलवर ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाची, कड दाखवणारा बारीक त्रिकोण असतो. रेघ त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे. त्रिकोणाच्या बरीच वर राहिली तर जास्त आहे, आणि अशा टायरचा जमिनीशी संपर्क कमी होऊन तो अचानक सुटतो. एका वेळी एकच पीएसआय बदला, आणि स्टिकरपासून दोनपेक्षा जास्त दूर जाऊ नका.

नवीन टायरवर साच्यातलं निसरडं द्रव्य राहिलेलं असतं. पहिले 200-300 किलोमीटर सांभाळून चालवा. लगेच चोर्ला नको. शिवाय जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल आणि तांबडी माती मिळून जो थर होतो, त्यावर कुठलाच टायर धरत नाही. साखळी, उसगाव, कुडचडे या खाणपट्ट्यात तर हे जास्तच.

प्रश्न: 225/45 आर17 च्या जागी 235/35 आर19 टायर आणि अलॉय घालायचे आहेत. पकड वाढेल ना? — वाचक, म्हापसा

उत्तर: आमचं मत नको असं आहे. साइडवॉलची उंची 101 मिमीवरून 82 मिमीवर येते. खड्ड्यात रिम वाकेल किंवा आतले धागे तुटून टायरला फुगा येईल, आणि फुग्याला दुरुस्ती नाही, टायर टाकावाच लागतो. चाकाचा व्यास सुमारे दोन टक्के वाढतो, म्हणजे मीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी 102 वर असेल. रुंद टायरला समोरचं पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात, म्हणून तो पाण्यावर लवकर तरंगतो. मोठं रिम हवंच असेल तर 225/40 आर18 घ्या. व्यास जवळजवळ तोच राहतो आणि साइडवॉल 90 मिमी मिळते.

प्रश्न: पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आहे. पुढचे टायर संपले, मागच्यात 4 मिमी शिल्लक आहे. दोनच नवीन घेतले तर पुढे घालू ना? — वाचक, मडगाव

उत्तर: नाही, नवीन मागे घाला आणि मागचे 4 मिमीवाले पुढे आणा. दुकानदार उलट सांगेल, कारण ताकद पुढे आहे. पण साचलेल्या पाण्यात पुढचे टायर तरंगले तर गाडी सरळ जाते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बहुधा ताब्यात येते. मागचे आधी तरंगले तर गाडी फिरते, आणि जुवारी पुलाच्या उतारावर ती सावरणं कोणाच्याही हातात नाही. नवीन जोडी त्याच ब्रँडची, त्याच नमुन्याची हवी. खाचा बाणासारख्या एकाच दिशेच्या असतील तर टायर त्याच बाजूला राहून फक्त पुढे-मागे बदलता येतो.

कायद्याची मर्यादा 1.6 मिमी आहे. पावसाळ्यासाठी ती फारच कमी. मे महिन्यात मोजा आणि 3 मिमीच्या आसपास आले असतील तर पाऊस लागण्याआधीच बदला.

प्रश्न: रनफ्लॅट काढून साधे टायर घालावेत का? — वाचक, वास्को

उत्तर: चालतं, आणि बहुतेक गाड्या त्याने सुधारतात. रनफ्लॅट म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारा टायर. त्याची साइडवॉल जाड असल्यामुळे वळणाच्या मधेच खड्डा आला की चाक उडतं आणि पकड क्षणभर जाते. साध्या टायरमध्ये ते उडणं कमी होतं. पण अशा गाड्यांत स्टेपनी नसते. डिकीत कॉम्प्रेसर आणि सीलंट ठेवा, हवेचा सेन्सर चालू राहू द्या. सीलंट ट्रेडमधलं खिळ्याचं भोक बुजवतं. साइडवॉल फाटली तर टोइंगशिवाय उपाय नाही. अनमोड घाटातून रात्रीचा प्रवास नेहमीचा असेल तर रनफ्लॅटच ठेवा. हवा गेल्यावरही ते साधारण 80 च्या वेगाने 80 किलोमीटर नेतात.

पंक्चर काढताना बाहेरून दोरी ठोकून घेणं घरी पोहोचण्यापुरतं. स्पोर्ट्स टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच (देठ भोकात बसणारा, छत्रीसारखा पॅच) लावायला सांगा, आणि भोक खांद्यावर किंवा साइडवॉलवर असेल तर पॅच लावूच देऊ नका.