दांडपट्टा चालवणाऱ्या मुलीने फेन्सिंगला जावं का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. कोल्हापुरात आखाड्यात ती लहानपणापासून मर्दानी खेळ शिकते. लाठी, फरी-गदगा (ढाल-काठीची लढत) आणि पट्टा चांगला चालवते. शाळेतले क्रीडाशिक्षक तिला फेन्सिंगमध्ये, म्हणजे ऑलिम्पिकमधल्या तलवारबाजीत, उतरवू म्हणतात. वस्ताद म्हणतात, ती युद्धकला नव्हे, दिवे पेटवायचा खेळ आहे. खरी युद्धकला कोणती धरायची? आणि पुढे नोकरीला कशाचं प्रमाणपत्र चालतं?
– एक पालक, कोल्हापूर

नमस्कार. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. युद्धकला कोणती, हे लढत बघून ठरवायचं. प्रमाणपत्र कशाचं चालतं, हे सरकारी यादी बघून. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं तर नुकसान मुलीचं होईल.

आधी वस्तादांचा आक्षेप. माझी कसोटी साधी आहे: समोर उलटा वार करणारा माणूस आहे का, आणि अंतर राखणं, वेळ साधणं, हूल देणं यावर हार-जीत ठरते का? धनुर्विद्या आणि नेमबाजी हे मोठे खेळ आहेत, पण तिथे समोर लक्ष्य असतं, प्रतिस्पर्धी नसतो. म्हणून लढतीच्या खेळांत मी ते धरत नाही. फेन्सिंग या कसोटीला पुरेपूर उतरतं. त्याचं मूळ युरोपातल्या द्वंद्वयुद्धात आहे. इपी, फॉइल आणि सेबर या त्याच्या तीन प्रकारांपैकी इपीत तर पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत सगळं अंग लक्ष्य असतं आणि ज्याचा वार आधी लागेल त्याला गुण. दोघांचे वार साधारण १/२५ सेकंदाच्या आत लागले, तर गुण दोघांनाही. एवढा फरक डोळ्यांना टिपता येत नाही, म्हणून वार लागताच पेटणारा दिवा आला. तो पंचाच्या मदतीला आहे, लढतात ती दोन माणसंच.

तरीही वस्तादांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. केंडो या जपानी तलवारबाजीत नुसता वार लागून भागत नाही. ललकारी, पाऊल आणि शस्त्र एका क्षणी जुळावं लागतं, वारानंतरही सावधपणा दिसावा लागतो, आणि गुण मिळाल्याच्या आनंदात उड्या मारल्या तर तो गुण काढून घेतात. फेन्सिंगमध्ये प्रत्येक गुणानंतर खेळाडू आरोळी ठोकतो आणि ते चालतं. आखाड्यातली अदब जपणाऱ्या माणसाला हे खटकणारच. मात्र हीच कसोटी आपल्याकडेही लावायला हवी. मिरवणुकीत पट्ट्याने लिंबू कापणं हे अप्रतिम कसब आहे, पण लिंबू परत वार करत नाही. फरी-गदग्याची खरी जोड लागते तेव्हा ती लढत. तुमच्या आखाड्यात अशा जोडी नियमित लागत असतील, तर मुलीचा पाया उत्तम आहे.

आता प्रमाणपत्राचं. कळरीपयट्टू या केरळच्या युद्धकलेला गोव्यातल्या २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पदकं होती. उत्तराखंडात २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तो नुसता प्रात्यक्षिकाचा खेळ झाला. कला तीच, शिकवणारे तेच, पण खेळाडूच्या हातातल्या कागदाची किंमत बदलली. पंजाबचा गतका आणि मणिपूरचा थांग-ता या युद्धकलांना खेलो इंडिया युवा स्पर्धेत जागा मिळाली आहे. महाराष्ट्राने दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, त्याचा मलाही आनंद आहे. पण सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाच्या पडताळणीत आखाड्याचं प्रमाणपत्र टिकेल, असं धरून चालू नका. फेन्सिंगची बाजू इथे भक्कम आहे. १८९६ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आहे, शालेय आणि खेलो इंडिया स्पर्धांतही आहे. चेन्नईची भवानी देवी टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरली, तिथे पहिली लढत १५-३ अशी जिंकली, आणि २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

भवानी देवी सेबर खेळते. तुमच्या मुलीलाही मी सेबरच सुचवेन. इपी आणि फॉइलमध्ये फक्त टोकाने भोसकायचं असतं, सेबरमध्ये पात्याच्या कडेचा वारही चालतो, आणि लक्ष्य कमरेच्या वरचं. पट्टेकरणीला हे जवळचं वाटेल. अडचण येईल ती मनगटाची. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या आवरणात, हात कोपरापर्यंत बंद असतो, मनगट वळतच नाही, वार खांद्यातून आणि कमरेच्या फिरकीतून निघतो. सेबरला बोटं आणि मनगट हवं. शिवाय पट्टेकरी चहूबाजूंनी फिरतो, इथे १४ मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद पट्टीवर पुढे-मागेच सरकायचं. सुरुवातीचे काही महिने ती आपल्याहून कच्च्या मुलींकडून हरेल. तेव्हा 'हे आपलं काम नव्हे' असं घरात कुणी म्हणू नये.

आखाडा सोडवू नका. आठवड्यातून दोन दिवस तरी तिला वस्तादांकडे जाऊ द्या, आणि फेन्सिंगचा निर्णय तिच्यादेखत त्यांच्या कानावर घाला. पुढे प्रशिक्षक व्हायचं मनात आलं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पदविका करता येते. सराव जमला तर छत्रपती संभाजीनगरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रातल्या निवड चाचणीची चौकशी करा, तिथे फेन्सिंग शिकवतात.

साहित्य महाग असतं. लगेच विकत घेऊ नका, सुरुवातीला शाळेचा किंवा क्लबचा मुखवटा आणि जॅकेट वापरू द्या. या आठवड्यात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन १७ वर्षांखालील मुलींच्या शालेय फेन्सिंग स्पर्धेची तारीख आणि दहावीच्या क्रीडा सवलत गुणांचे चालू नियम लेखी घ्या. जाताना तिच्या जन्मदाखल्याची प्रत सोबत ठेवा.