मैत्रिणीची केमो संपली, आता फॉलो-अपचा पेट (PET) स्कॅन, म्हणजे कॅन्सर उरलाय का ते पाहणारी तपासणी आहे. आम्ही मैत्रिणींनी नेमकं काय करावं?

स्कॅनला एकीने सोबत जा आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत तिला एकटं सोडू नका. खरा जीव टांगणीला लागतो तो तेव्हाच. माझ्या मैत्रिणीच्या चार स्कॅनना मी गेले आहे, त्यावरून सांगते. आधी साधारण 6 तास उपाशी राहावं लागतं, म्हणून नंतरसाठी मऊ दहीभाताचा डबा न्या. इंजेक्शननंतर तासभर ती आत एकटीच, न बोलता पडून असते. तेव्हा ‘काही होणार नाही गं’ म्हणण्यापेक्षा ‘मी बाहेरच बसलेय’ एवढं सांगा. जुने रिपोर्ट आणि सीडी तुम्ही सांभाळा, तुलनेला लागतात. मात्र सोबतची बाई गरोदर नसावी आणि त्या दिवशी लहान मुलांना मैत्रिणीजवळ नेऊ नका, कारण इंजेक्शनमधलं किरणोत्सर्गी औषध काही तास अंगात राहतं.