तुमचे प्रश्न: छोट्या रुळांवरचे सिग्नल

प्रश्न: माझा एचओचा (म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचा) लेआउट आहे, साधा डीसी कंट्रोलर. तीन दिव्यांचा सिग्नल बनवून त्याची वायर रुळांनाच जोडली. गाडी जोरात पळाली की दिवे भगभगतात, हळू झाली की मंद होतात, आणि काल गाडी उलटी घेतली तर दिवे विझले ते विझलेच. कुठे चुकलं?

उत्तर: चूक फक्त जोडणीत आहे, सिग्नल तुम्ही बहुतेक चांगलाच केला असणार. डीसीमध्ये रुळातला व्होल्टेज म्हणजेच गाडीचा वेग आणि गाडी उलटी घ्यायची म्हणजे प्लस-मायनस उलटे, मग एलईडीला उलट्या बाजूने व्होल्टेज बसतो आणि बहुतेक एलईडी उलटा व्होल्टेज ५ च्या आसपासच सोसतात. सिग्नलसाठी १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय घ्या, रुळांशी संबंधच नको.

आता रेझिस्टर. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले १०, म्हणजे १ के (१००० ओहम) लावला तर १० मिलिअँप जातो. टेबलावर हे ठीक वाटतं पण लेआउटवर तो सिग्नल न वाटता टॉर्च वाटतो. मी आधी १० के लावून बघतो, म्हणजे जेमतेम १ मिलिअँप, आणि खोलीतला लाइट बंद करून दोन हात लांबून बघतो, अंधुक वाटला तरच कमी करत यायचं. तिन्ही दिव्यांना एकच रेझिस्टर लावू नका, हिरवा बहुतेक वेळा लालपेक्षा फारच उठून दिसतो, त्याला जास्त लागतो. आणि ३ मिमीचा एलईडी नको हो, १:८७ ला तो २६ सेंटिमीटरचा होतो! ०६०३ मापाचा बारीक चिप एलईडी घ्या, १.६ बाय ०.८ मिमी. वायर ०.१ मिमीची एनॅमलची, टोकाला गरम सोल्डरचा थेंब धरून ठेवला की एनॅमल जळतं, मगच जोड पक्का बसतो. खांब पितळी नळीचा केलात तर नळीच कॉमन वायर होते, आतून तीनच वायर खाली न्यायच्या.

प्रश्न: हाताचा सिग्नल (खांबावरची पट्टी वर-खाली होते तो) सर्व्होवर, म्हणजे ठरावीक अंशात फिरणाऱ्या छोट्या मोटरवर चालवतोय, पण हात खटकन वर, खटकन खाली. खरा वाटतच नाही.

उत्तर: हा माझा अगदी आवडता विषय. खऱ्या सिग्नलला केबिनमधून शेकडो मीटर तार गेलेली असते, लिव्हर ओढला की आधी तारेचा ढिलेपणा निघतो, मग हात हलतो, आणि परत धोक्यावर (म्हणजे 'थांबा'च्या जागी) येताना धपकन बसून दोन-तीनदा डुलतो. हे डुलणं दिसलं ना की बघणारा थबकतोच. प्रोग्रॅममध्ये दर २५ मिलिसेकंदाला १ अंश सरकवा, ४५ अंशांना साधारण १.१ सेकंद लागेल, परत येताना मात्र पटकन आणा आणि शेवटी ४ अंश मागे, पुन्हा जागेवर, मग २ अंश मागे, पुन्हा जागेवर. सर्व्होचा ५ व्होल्ट आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) पिनवरून घेऊ नका, वेगळा द्या, ग्राउंड तेवढा दोघांचा एकच ठेवा, नाहीतर हात थरथरतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या सिग्नलच्या हातातली 'हिरवी' काच बऱ्याचदा निळसर असायची, कारण मागे तेलाचा पिवळा दिवा, दोन्ही मिळून हिरवं दिसायचं. मागे पांढराशुभ्र एलईडी लावलात तर काच चक्क निळी दिसते, म्हणून वॉर्म व्हाइट घ्या, त्यावर पिवळ्या रंगाचा पातळ हात दिलात तर आणखी छान.

प्रश्न: सिग्नलजवळ खडी टाकून चिकटवली आणि सांधाच (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) अडकला. रूळ उखडू का?

उत्तर: अजिबात नको! पांढरा फेव्हिकॉलसारखा गम असेल तर तो पाण्याने मऊ होतो. ड्रॉपरने कोमट पाणी सोडा, अर्धा तास थांबा, मग टूथपिकने पात्यांमधली (सांध्याच्या हलणाऱ्या रुळांमधली) खडी एकेक करून काढा आणि सांधा हाताने हलवत राहा, वाळताना थांबू नका. पुढच्या वेळी पात्यांच्या आणि ओढपट्टीच्या (पाती सरकवणाऱ्या पट्टीच्या) जागी खडी स्लीपरच्या खालीच ठेवा आणि तिथे गम ड्रॉपरने न सोडता ब्रशच्या टोकाने लावा. सिग्नलच्या तारेचे छोटे खांब, रिले बॉक्स हे सगळं खडी वाळल्यावरच बसवा, नाहीतर ओल्या गमात ते कलतात आणि मग सरळ होत नाहीत.