ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर हे 'जस्ट द टू ऑफ अस' या एकाच गाण्याचे कलाकार होते का?

नाही, ते गाणं येण्याआधीच ते मोठे सॅक्सोफोनवादक होते. १९७१ मध्ये हँक क्रॉफर्ड हे वादक रेकॉर्डिंगला येऊ शकले नाहीत, म्हणून ऐनवेळी ग्रोव्हर यांना उभं केलं आणि त्यातून 'इनर सिटी ब्लूज' हा त्यांचा पहिला अल्बम निघाला. १९७५ चा 'मिस्टर मॅजिक' तर जॅझ आणि सोल अशा दोन्ही अल्बम-याद्यांत अव्वल ठरला. 'जस्ट द टू ऑफ अस' आलं ते १९८० च्या 'वाइनलाइट' या अल्बममध्ये, आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

एक मात्र खरं, त्या गाण्यात लोकांच्या लक्षात राहतो तो बिल विदर्स यांचा आवाज. गाणं लिहिलंयही विदर्स, राल्फ मॅकडोनाल्ड आणि विल्यम सॉल्टर यांनी, ग्रोव्हर यांनी नाही. रेडिओवर वाजणारी छोटी आवृत्ती ऐकून ग्रोव्हर यांच्याबद्दल मत बनवू नका. अल्बमवरची सात मिनिटांहून मोठी आवृत्ती ऐका, त्यात सॅक्सोफोनला ऐसपैस जागा आहे. 'वाइनलाइट'साठी त्यांना जॅझ फ्यूजनचं (जॅझमध्ये इतर शैली मिसळलेलं संगीत) ग्रॅमीही मिळालं.

नवीन असाल तर या क्रमानं ऐका (माझी आवड):
- मिस्टर मॅजिक
- वाइनलाइट
- इनर सिटी ब्लूज

त्यांच्या संगीताला 'स्मूद जॅझ' (मऊ, सुरेल जॅझ) म्हणतात, पण हे लेबल रूढ झालं ते नंतर. डिसेंबर १९९९ मध्ये, ५६ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण आटोपल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले.