एक्सयूव्हीचे टायर बदलताय? आधी माझे ३४ हजार ऐका

तुमची पोस्ट वाचली आणि २०२१ चा मार्च डोळ्यासमोर आला. तुमची गाडी एक्सयूव्ही ५००, टायर २३५/६५ आर १७ (२३५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी), सहा वर्षं झालेली, सोलापूरहून महिन्यातून दोनदा पुणे. तुमचा दुकानदार म्हणतोय २५५ चे रुंद ए/टी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टाका, गाडी उठून दिसेल, आणि बिल नको असेल तर चार नगांत तीन हजार कमी करतो. माझ्या वेळी शब्दसुद्धा हेच होते बघा. दुकानही तेच आहे की काय अशी शंका आली, पण मी विचारत नाही आणि तुम्हीही इथं नाव लिहू नका.

मी टायरमधला माणूस नाही. चादरी-टॉवेलचा ठोक धंदा आहे, गाडी स्वतः चालवतो, एवढाच अधिकार. साइज कशी वाचायची, ट्यूबलेस म्हणजे काय, हे तुम्हाला येतंय असं पोस्टवरून दिसतं, ते सोडून देतो.

आता माझा शहाणपणा ऐका. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. चार टायरचे ३४ हजार ठरले. दुकानदार म्हणाला, "बिल लागतंय का साहेब? लागत असेल तर वरचं वेगळं." दिवसभर गिऱ्हाइकाला पक्कं बिल फाडून देणारा मी, तिथं म्हणालो, नको, राहू दे. एका कागदावर "टायर ४ नग" आणि रक्कम लिहून दिली. टायरचा सीरियल नंबर नाही, गाडीचा नंबर नाही, शिक्का नाही. मी तो कागद घडी घालून डॅशबोर्डात टाकला आणि खुशीत हुरडा खायला निघालो.

पुढच्याच महिन्यात कोरोनाची दुसरी लाट. गाडी दोन महिने दारात उन्हात उभी. नंतर चालवायला काढली ती नेहमीसारखीच. २०२२ च्या फेब्रुवारीत पुण्याहून येताना टेंभुर्णी सोडल्यावर ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागलं. मोहोळजवळ रात्री पंक्चरवाल्याकडं थांबलो. त्यानं पुढचं डावं चाक काढलं, टायरच्या पाठीवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "मालक, ह्यो फुगलाय. आणि नवीन म्हणताय ते कुठलं नवीन? हितं अठरा लिहिलंय की."

चाकाच्या आतल्या बाजूला आकडा होता २३१८. म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मी टायर घेतला तेव्हाच तो पावणेतीन वर्षांचा होता. पूर्ण तारखेचा कोड बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो. बसवताना ती बाजू आत गेली की गाडीखाली डोकं घातल्याशिवाय दिसत नाही. माझ्या चारही टायरची ती बाजू आत होती. हा योगायोग होता असं मी आजही स्वतःला सांगतो.

मग वॉरंटीचा क्लेम. दुकानदार म्हणाला, "कंपनी बघंल." कंपनीचं जे ऑफिस होतं (नाव घेत नाही, माणसं बदलली असतील) तिथं म्हणाले, "डीलरमार्फत या." डीलर म्हणाला, "आमचं बिल कुठाय?" परत ऑफिस. तिथल्या खिडकीवरच्या मुलानं माझा कागद असा धरला की जणू भेळ बांधून आलेला. बिल नाही म्हणजे विकत घेतल्याची तारीख नाही, आणि तारीख नाही तर आम्ही बनवल्याच्या तारखेपासून धरणार, म्हणजे जवळपास चार वर्षं. टायर ठेवून जा, तपासणी करणारे साहेब येतील तेव्हा बघतील. साहेब तीन आठवड्यांनी आले. तोवर मी स्टेपनीवर. भाचीच्या लग्नाला विजापूरला जायचं होतं, शेवटी एसटीनं गेलो, बायकोनं तो प्रवास अजून माफ केलेला नाही. फोन केला की "उद्या करा", उद्या केला की "साहेब टूरवर". एकदा तर मला म्हणाले टायर इथं जमाच नाही. मी समोर बोट करून दाखवला, कोपऱ्यात पडलेला, वर कुणीतरी हेल्मेट ठेवलेलं.

शेवटी क्लेम नाकारला. शेरा: कमी हवेत चालवल्याच्या खुणा. मी लई भांडलो. पण इतक्या वर्षांनी खरं सांगायला हरकत नाही, तो शेरा अगदीच खोटा नव्हता. आपल्याकडं सगळे सांगतात ना, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल. मी पण एप्रिलपासून २६ पॉइंटवर (पीएसआय) आणून ठेवली होती. हे साफ उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्या वाकण्यानंच आतून तापते आणि मग थर सुटायला लागतात. ऊन वाढल्यानं किंवा पळून पळून हवा चार-पाच पॉइंट चढली तर चढू द्या, तो हिशोब धरूनच टायर बनवलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा चिकटवलाय तोच भरा, आणि सकाळी गाडी थंड असताना मोजा. होटगी रोडपर्यंत पळवून आणून मोजलेली हवा खरी नसते. दुष्काळी भागातल्या ४३ अंशांत सोलापूर ते इंदापूर दुपारी दोनला करायचं असेल तर ही एक गोष्ट बाकी सगळ्या ब्रँडच्या भांडणांपेक्षा मोठी.

तरी माझं म्हणणं असं की बिल असतं तर तेवढ्यावर वाद घालता आला असता. टायर जुना विकला हा मुद्दा मांडता आला असता. क्लेम मंजूर झाला तरी नवा टायर फुकट मिळत नाही, जेवढी नक्षी उरलीय त्या प्रमाणात सूट मिळते, पण तीही काही कमी नसते. मला शून्य मिळालं. तीन हजार वाचवायला गेलो आणि क्लेम नाकारल्यावर सहा महिन्यांत चारही टायर काढून टाकले, कारण एकाच खेपेचे होते आणि उरलेल्या तिघांवर भरवसा राहिला नाही. आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या टायरवर जीएसटी १८ टक्के आहे. विनाबिलाचा मोह पहिल्याइतका मोठाही राहिलेला नाही. बिलावर चारही टायरचे नंबर लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. सोलापुरात काय टायरची दुकानं कमी आहेत?

आणि चाकावर चढवायच्या आधी तारखेचे ते चार आकडे बघा. मी सहा महिन्यांपेक्षा जुना घेत नाही. काही जण वर्षापर्यंत चालतो म्हणतात, आणि गोदामात नीट ठेवलेला असेल तर चालतही असेल. माझं तोंड पोळलंय म्हणून मी ताकही फुंकून पितो.

आता तुमच्या २५५ च्या मोहाबद्दल. २३५/६५ आर १७ चा व्यास साधारण ७३७ मिलिमीटर, २५५/६५ आर १७ चा ७६३. साडेतीन टक्क्यांचा फरक. मीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी १०३ च्या पुढं असेल. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की आत घासायची शक्यता वेगळी, ॲव्हरेज पडणार ते वेगळं. आणि गाडी उठून किती दिसते? तेरा मिलिमीटर. तेवढी तर पाठीमागं सासुरवाडीची माणसं बसली की खाली बसते.

ए/टी की एच/टी (हायवे-टेरेन, डांबरी रस्त्याचे)? नव्वद टक्के डांबरी रस्ता असेल तर एच/टी घ्या, विषय संपला. तुम्ही लिहिलंय की अक्कलकोटकडं शेत आहे म्हणून ए/टी हवेत. माझंही मंगळवेढ्याकडं रान आहे. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत अशी बसते की दहा फुटांत ए/टी काय आणि एच/टी काय, दोन्ही गुळगुळीत वडे होतात. तिथं टायर नाही, ट्रॅक्टरवाला शेजारी लागतो. मुरूम-खडीच्या रस्त्याला ए/टी खरंच टिकाऊ, हे मान्य. पण त्यासाठी पुण्यापर्यंतचा अडीचशे किलोमीटर घुंईऽऽ आवाज ऐकायची तयारी ठेवा.

मूळ टायरवर साइजच्या पुढं १०४ एच असं काहीतरी असेल, ते दुकानदार बघत नाहीत. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. १०० असेल तर ८००. माणसं-सामान भरून चालणाऱ्या डिझेल एसयूव्हीला हा आकडा मूळ टायरच्या खाली जाऊ देऊ नका. एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. तेवढं कुणी पळवत नाही, पण वेग सोसणं म्हणजे शेवटी ताप सोसणं, आणि तापाची आपल्याकडं कमी नाही.

ब्रँड विचारलात, सांगत नाही. इथं लगेच मारामारी होते.

साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरायला पैसे द्यावे असं मला वाटत नाही, फुकट देत असतील तर घ्या. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागं टाका, पुढं नाही. दुकानदार उलटं सांगेल, पण पावसात मागचं चाक सुटलं की गाडी आवरत नाही. गाळपाच्या हंगामात मोहोळ-पंढरपूर पट्ट्यात बैलाच्या नालेचे खिळे रस्त्यावर फार पडतात, तेव्हा पंक्चर काढताना बाहेरून निव्वळ दोरी न घालता आतून मशरूम पॅच (छत्रीसारखं रबरी ठिगळ) लावून घ्या, वेळ लागला तरी.

बाकी तुम्ही टाकलेल्या फोटोत मागच्या डाव्या टायरला नक्षीच्या मुळाशी बारीक भेगा दिसतायत. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेच्या बरीच वर असली तरी त्या भेगा चांगल्या नाहीत, निदान मला तरी आवडल्या नाहीत. या शनिवारी त्याच्यावर पुण्याला जाऊ नका. आणि स्टेपनी काढून तिचा कोड बघा, इथं लिहा. माझी निघाली तेव्हा ती गाडीसोबत आलेली होती, २०१५ ची, आणि त्या तीन आठवड्यांत मी तिच्यावरच फिरत होतो.