नेस्टिंगचं नंतर बघू, आधी एक पट्टी वाकवून बघा

प्रश्न : नमस्कार सर, आमचं नाशिकला अंबडमध्ये छोटं युनिट आहे, सहा माणसं, इलेक्ट्रिकल पॅनलचे बॉक्स बनवतो. कटिंग बाहेर लेझरवर आणि बेंडिंग आमच्याच प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायचं मशीन). भंगार खूप निघतं, शिवाय प्रत्येक बॅचमध्ये एक-दोन दरवाजे फ्रेममध्ये बसतच नाहीत, मग ग्राइंडर घेऊन बसावं लागतं. एक सेल्समन म्हणतोय नेस्टिंग सॉफ्टवेअर (शीटवर पार्ट कमीत कमी जागेत मांडून देणारं) घ्या, वर्षात पैसे सुटतील. मुलगा डिप्लोमा झालाय, सॉलिडवर्क्स (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) येतं त्याला. घेऊ का?

उत्तर : लगेच नको. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत आणि सेल्समन एकावरच गोळी देतोय, तीही तुमच्या घरी लागू पडेल का शंका आहे. कारण कटिंग बाहेर होतं, म्हणजे नेस्टिंग लेझरवाला करतो, त्याच्याकडे ते सॉफ्टवेअर आहेच.

आधी दरवाजाचं बघू. मुलगा ड्रॉइंग काढतो तेव्हा के-फॅक्टर (वाकताना पत्र्याचा न ताणला जाणारा थर आतून जाडीच्या किती भागावर धरायचा तो आकडा) किती ठेवतो ते विचारा. बहुतेक सॉफ्टवेअर उघडल्यावर जो आकडा येतो तोच राहिला असेल, मी पाहिलेल्या दहातल्या आठ ठिकाणी हेच असतं. आता हिशोब बघा, २ मिमीचा पत्रा, १६ मिमी रुंदीची व्ही डाय (ज्या खाचेत पत्रा दाबून वाकवतात ती), आतली त्रिज्या साधारण अडीच मिमी येते (एमएसला, म्हणजे साध्या स्टीलला, व्हीच्या रुंदीच्या १६ टक्क्यांच्या आसपास पकडतात). के ०.४ धरला तर एका ९० च्या बेंडला बाहेरच्या मापांच्या बेरजेतून ३.८ मिमी वजा होतात, ०.५ धरला तर ३.५. फरक ०.३ चा, कोणी म्हणेल त्यात काय एवढं, पण रिटर्न फ्लँजवाल्या (कडा दोनदा आत वळवलेल्या) दरवाजाला एका दिशेत चार बेंड येतात, म्हणजे झाले १.२ मिमी, आणि दरवाजा-फ्रेममधली तुमची गॅप किती असते ते तुम्हालाच माहीत!

आणि समजा आकडा बरोबर आहे, तरी ऑपरेटरने घाईत १६ ची व्ही काढून २० ची लावली की त्रिज्या वाढून पुन्हा तेवढाच फरक पडतो. दर बॅचला *एक-दोनच* दरवाजे बिघडतात म्हणालात ना, मला तरी हाच वास येतोय. के चुकला असता तर सगळेच सारखे बिघडले असते.

उपाय फुकटचा आहे. बरोबर १०० मिमी लांबीच्या तीन पट्ट्या कापून घ्या, मधोमध वाकवा, आधी कोन ९० च आहे ना ते तपासा (९१-९२ असेल तर पुढचं सगळं माप खोटं), मग दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजून बेरीज करा. १०३.८ आली तर तुमचं डिडक्शन (बेंडमागे वजा करायचा आकडा) ३.८. असं प्रत्येक मटेरियल, प्रत्येक जाडी आणि प्रत्येक व्हीसाठी करून एक तक्ता बनवा, तोच सॉलिडवर्क्सच्या बेंड टेबलमध्ये भरा आणि त्याचीच एक प्रिंट मशीनवर चिकटवा, ड्रॉइंगवर व्ही चा आकडा लिहायची सवय लावा. पत्र्याची जाडीही मोजा बरं का, २ चा म्हणून आलेला पत्रा १.९ भरतो कधीकधी. एक दिवस जाईल यात, जाऊ द्या.

आता भंगार. तुमचं भंगार लेझरवर ठरत नाही, पत्रा विकत घेताना ठरतं. उदाहरण सांगतो, ब्लँक (वाकवायच्या आधीचा सपाट तुकडा) ६१० रुंद असेल तर आठ बाय चारच्या, म्हणजे १२२० रुंदीच्या शीटवर कागदावर दोन बसतात, पण मधे गॅप आणि कडेला मार्जिन सोडलं की एकच बसतो आणि अर्धा पत्रा कटपीस म्हणून उरतो. तोच १२५० च्या शीटवर दोन आरामात. २ मिमीची २५०० बाय १२५० ची शीट ४९ किलोची, म्हणजे दर शीटमागे दहा टक्के वाचले तरी पाच किलो, तुमच्याकडच्या भावाने गुणून बघा. म्हणून ऑर्डर आली की पत्रा मागवायच्या *आधी* मांडणी करून बघायची. त्याला डीपनेस्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पुरेसं आहे, फक्त त्यातून निघालेली डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) लेझरवर पाठवायच्या आधी एक तरी माप तपासा, स्केल बदललेला असू शकतो.

लेझरवाल्याशी पण बोला. उरलेले मोठे तुकडे परत येतात की तिकडेच राहतात? दोन ऑर्डर एकत्र दिल्या तर एकाच शीटवर लावेल का? आणि तो ८५ टक्के वापर झाला म्हणतो तेव्हा शेवटची अर्धी उरलेली शीट त्याने मोजलीय का सोडलीय, हे विचाराच, कारण तिथेच आकडा गोड होतो. परत आलेल्या तुकड्यावर मार्करने जाडी, ग्रेड, माप लिहून एक्सेलमध्ये नोंद ठेवा, नाहीतर तो कोपऱ्यात गंजून शेवटी भंगारातच जाणार.

स्वतःचं लेझर घ्याल तेव्हा मला परत लिहा, तेव्हा नेस्टिंगवर बोलू.

प्रश्न : वसईला एसएसची (स्टेनलेस स्टीलची) किचन टेबलं बनवतो, नंबर फोर फिनिश (एकाच दिशेत बारीक रेषा असलेलं पॉलिश). नेस्टिंग छान बसतं पण काही टॉपवर लाइन उभी, काहींवर आडवी येते, कस्टमर ओरडतो.

उत्तर : ओरडणारच ना! प्रोग्रॅममध्ये पार्टचं रोटेशन ० आणि १८० वर लॉक करा आणि मिरर बंद ठेवा, नाहीतर पत्र्यावरच्या संरक्षक फिल्मची बाजू उलटी येईल. भंगार थोडं वाढेल, ते कोटेशनमध्येच धरा. खालचे शेल्फ आणि आतल्या पट्ट्या कुणाला दिसत नाहीत, त्या मोकळ्या फिरू द्या, तिथे बरंचसं भरून निघतं.