पेटी आजीची, घाई नातीची

तसबिरीमागून : वाचकांचे प्रश्न, एका जुन्या तसबीरवाल्याची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. येत्या माघात माझ्या आजीला नव्वद वर्षं पूर्ण होतील. सराफ बाजारातला वाडा सोडून आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा तिची पत्र्याची पेटी सोबत आली आणि पलंगाखाली गेली. मागच्या आठवड्यात आजी आत्याकडे गेली असताना मी ती उघडली. आत आजोबांनी तिला येवल्याला माहेरी धाडलेली साठेक पत्रं आहेत, लाल नाडीने बांधलेली. दहाबारा फोटो आहेत, त्यातला एक फ्रेमच्या काचेलाच चिकटलाय. एक जरीचं लुगडं, एक सुती पातळ आणि पितळेचा गडू. आजोबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. पत्रं लॅमिनेट करायची, फोटोंचा कोलाज करायचा आणि वाढदिवसाला आजीला सरप्राइज द्यायचं, असं ठरवलंय. पत्रांची पाकिटं फाटलीत, काहींवर पाण्याचे डाग आहेत, ती टाकली तर चालतील ना? आणि पातळावर मोठा पिवळा डाग आहे, तो कशाने जाईल?
– एक नात, इंदिरानगर

उत्तर : ताई, पेटी होती तशी बंद करा आणि आजी आत्याकडून परत येईपर्यंत पलंगाखाली राहू द्या. रागावू नका. मेन रोडमागच्या गल्लीत मी चाळीस वर्षं तसबिरी मढवल्या, वह्या-पुस्तकं बांधली. ‘आजीला सरप्राइज’ म्हणून माझ्याकडून किती फ्रेमा गेल्या, त्याची मोजदाद नाही. पुढे काय होतं तेही ऐकलंय. आजी फ्रेम बघते, छान झालीय म्हणते, आणि चहाच्या वेळी हळूच विचारते, “या फोटोच्या मागे एक चिठ्ठी होती, ती कुठे गेली?” ती माझ्या दुकानातल्या केरात गेलेली असते.

पेटीची मालकीण हयात आहे. मग तिच्यापासून लपवून पेटी का उघडायची? आजी आली की पेटी पलंगावर घ्या, खाली जुनी चादर पसरा आणि एकेक वस्तू तिच्या हातात द्या. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा, पंखा बंद करा, कारण पंख्याची घरघर फार येते. “आजी, तुझ्या तरुणपणाबद्दल सांग ना” असं मात्र विचारू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला म्हातारी माणसं “काय सांगायचं बाई, दिवस गेले” एवढंच उत्तर देतात. हातात गडू द्या आणि विचारा, हा कुणी दिला? मग ऐका.

आता पत्रं. ती नवऱ्याने बायकोला लिहिलेली आहेत आणि तिने नाडी बांधून ठेवलीत. वाचायच्या आधी विचारा. ती म्हणेल, “वाच की, मला आता दिसत नाही,” तर तुमच्यासारखी भाग्यवान तुम्हीच. चारपाच पत्रं बाजूला काढून ती म्हणाली की ही मी गेल्यावर माझ्याबरोबर जाऊ द्या, तर जाऊ द्या. त्यांचे फोटोही काढून ठेवू नका. मी हे सांगतो तेव्हा इतिहासाची आवड असलेले माझे मित्र माझ्यावर चिडतात. चिडोत.

लॅमिनेशन अजिबात नको. गरम रोळातून कागद एकदा प्लॅस्टिकमध्ये गेला की तो पुन्हा सुटा होत नाही. कडेने ओल शिरली की ती आतच राहते, आणि शाई, कागद, प्लॅस्टिक मिळून पुढच्या दहावीस वर्षांत काय होईल ते बघत बसावं लागतं. पत्रं उलगडून सपाट ठेवा. टाचण्या, स्टेपलच्या पिना आधी काढा, कारण लोखंड गंजून कागदाला भोक पाडतं. सेलोटेप लावू नका. जुनी लावलेली असेल तर ओढू नका. पाकिटं घ्यायची तर पॉलिएस्टरची घ्या. पीव्हीसीची नकोत, ती नाकाशी धरली की नव्या रेक्झिनसारखा वास मारतात, तीच ओळख.

आणि पत्रांची पाकिटं टाकायची? ताई, पत्रावर तारीख नसेल तर ती पाकिटावर सापडते. आजोबांनी वर ‘मंगळवार रात्र’ एवढंच लिहिलं असेल. नवराबायकोच्या पत्रांत असंच असतं. डाकेचा शिक्का लागत असेल तर प्रश्नच मिटला. पाकीट उलटं करून मागेही बघा, पोचल्याचा शिक्का बऱ्याचदा तिथे असतो. दोन्ही पुसट असतील तर तिकीट बघा. किंमत आण्यांत असेल तर तिकीट एप्रिल १९५७ च्या आधी छापलेलं. नव्या पैशांत असेल तर त्यानंतरचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. जून १९६४ मध्ये पैशाच्या नावातलं ‘नया’ गेलं. लोक जुनी तिकिटं काही दिवस वापरत, म्हणून थोडं पुढेमागे धरायचं. निळी आंतर्देशीय पत्रं असतील तर ती ऑक्टोबर १९५० नंतरची, त्याआधी ती नव्हतीच. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर बहुधा १ मे १९६० च्या आधीचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. या एवढ्या खुणांवर मी एकदा पंचवटीतल्या एका घराची सत्तर पत्रं ओळीने लावून दिली. पहिलं मूल कधी झालं ते घरातल्यांना माहीत होतं, पण त्याआधी एक गेलं होतं, हे त्या ओळीमुळे कळलं.

तुमच्या आजोबांच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. नाशिकरोडचा प्रेस १९२५ पासूनचा, आणि देशाची टपाल तिकिटं तिथे छापली जात. म्हणजे ज्या तिकिटाला आजोबांनी जीभ लावून येवल्याला पत्र धाडलं, ते त्यांच्याच कारखान्यातून निघालेलं. आजीला विचारा, आजोबा यावर काही विनोद करायचे का. करत असणारच.

पाण्याचे डागही धुवायच्या फंदात पडू नका. तुमचा वाडा सराफ बाजारात होता ना? १९६९ च्या सप्टेंबरात गोदावरीचं पाणी बाजारात शिरलं होतं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की जुनं नाशिक जिने चढायला लागतं, पण त्या वर्षी पाण्याने जिन्याचीही वाट बघितली नाही. ही पेटी तेव्हा खाली होती का, कुणी वर नेली, कुठे वाळत घातली, ते विचारा. पत्रांच्या कडेची ती तपकिरी रेघ त्या रात्रीची असू शकते. ती पुसून टाकायची आणि मग पुराची गोष्ट वेगळी लिहून काढायची, याला काय अर्थ?

काचेला चिकटलेल्या फोटोबद्दल मात्र मी जीव तोडून सांगतो. ओढू नका. सुरी घालू नका. कुणी वाफ द्या म्हणेल, त्याचं ऐकू नका. जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत चित्र असतं ते जिलेटिनच्या थरात, आणि ओलीत तोच थर काचेला धरतो. मी चोवीस वर्षांचा असताना माझ्या स्वतःच्या आजीचा एकुलता एक फोटो असाच आला होता. तसबीरवाल्याच्या मुलाला कोण शिकवणार! कोपरा धरला आणि ओढला. कागद हातात आला, पण आजीचा डावा गाल, डोळा आणि नथ काचेवर राहिली. वडील काही बोलले नाहीत, दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. ती काच आणि तो कागद आजही माझ्या कपाटात वेगवेगळ्या मलमलीत आहे. दोन्ही एकावर एक धरले की आजी पुरी दिसते. तुमचा फोटो काचेसकट स्कॅन करून घ्या, चांगल्या स्कॅनरवर निदान सहाशे डीपीआयला. काच फुटलेली असेल तरी तशीच. अस्सल काचेसकटच जपून ठेवा.

बाकीच्या फोटोंचा कोलाज करायचा तर कॉपीचा करा. मूळ फोटोला गोंद लागता कामा नये. ऐंशीच्या दशकात ते चिकट पानांचे अल्बम निघाले होते, वरून प्लॅस्टिक ओढायचं, मीही शेकड्यांनी विकले. त्या पानांवरचा चिकटा आता पिवळा पडून फोटो धरून बसलाय. विकल्याचं पाप माझंच. फोटोतल्या माणसांची नावं आजीकडून घ्या आणि मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने नाही, त्याचा वळ पुढे उमटतो. ‘आत्याबाई’ असं लिहू नका. कुणाच्या आत्याबाई, हे तुमच्या नातवाला कसं कळणार? पूर्ण नाव, माहेरचं गाव.

लुगडं दर दोनचार महिन्यांनी उलगडून वेगळ्या घडीवर घाला. नेहमीच्या घडीवर जर आणि रेशीम दोन्ही तुटतात. हँगरला टांगू नका, स्वतःच्या वजनाने फाटेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, डांबरगोळ्या जरीजवळ नकोत, जर काळी पडते. धुतलेली जुनी मलमल गुंडाळा, एवढं पुरे. पेटी बाहेरच्या भिंतीपासून लांब, चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवा आणि पावसाळ्यात उघडू नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की उघडा. कागद आणि फोटो उन्हात मात्र घालू नका, सावलीत वारा पुरतो.

पातळावरचा पिवळा डाग. इथे मला राहवत नाही, म्हणून विचारतो. सराफ बाजारापासून तिवंधा चौक किती लांब? रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. नवीन नाशिककरांसाठी सांगतो, रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद, एरवी माती टाकून बुजवलेला. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि तिवंध्याच्या रहाडीचा पिवळा. डाग हळदीचा असेल, आमटीचाही असेल, मी काही ज्योतिषी नाही. पण लिंबू-साबण घेण्याआधी आजीला पातळ दाखवा आणि विचारा, रंगपंचमीला तू खिडकीतून बघायचीस की खाली जायचीस? खाली गेली असेल तर कुणी उडवलं, तेही विचारा. मग डाग काढायचा का, ते तिलाच ठरवू द्या.

राहिला गडू. त्याच्या पोटावर किंवा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव आहे का बघा. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, कधी तारीखसुद्धा कोरतात. चिंचेने खसाखसा घासू नका, ठिपके झिजतात. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरं उमटतील. बायकांची माहेरची नावं कागदोपत्री पुसली गेली तरी भांड्यांवर राहिली आहेत, असं मी तरी बघितलंय.

आणि वाढदिवसाला काय द्यायचं? आजोबांचं एक पत्र, आजीला चालेल ते, मोठ्या अक्षरांत छापून द्या, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या.

प्रश्न : आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट घरात सापडली आहे. टेपरेकॉर्डरही आहे. लावून बघू का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : घरच्या टेपवर लावू नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या यंत्रात रबराचा पट्टा कडक किंवा चिकट झालेला असतो, फीत गुंडाळून खातो. आधी खिडकीपाशी धरून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते का बघा. ती बुरशी. दिसली तर कुठल्याच यंत्रात घालू नका, ती दुसऱ्या कॅसेटींनाही लागते; जुन्या फिती साफ करणारा माणूस शोधा. दिसली नाही तर चांगला, साफ केलेला डेक ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या आणि पहिल्यांदा वाजेल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्या. दुसऱ्यांदा वाजेलच असं धरून चालू नका. आवाज ‘स्वच्छ’ करायच्या नादात जात्याची घरघर काढून टाकू देऊ नका. ओव्या तिच्यावरच चालतात. उतरवलेल्याच्या तीन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा.

आणि कॅसेटच्या वरच्या कडेला, मागच्या बाजूने, दोन चौकोनी जिभा असतात. त्या शाबूत असतील तर कुणाचंही बोट चुकून रेकॉर्डच्या बटणावर पडलं की ओव्या पुसल्या जातील. बाकी सगळं सवडीने करा, जिभा मात्र आज रात्रीच मोडा.